कल्हई

उद्यमनगरात तेव्हा दर भट्टीतून
ऑइल इंजिनाचा कुठला ना कुठला अवयव बाहेर पडायचा.
आमच्या भट्टीतून फक्त अक्षरं.
नेमगोंडा मगदूम पोलादावर क कोरायचा, उलटा.
तांब्यात ठोकला की सुलटा, शिशात ओतला की परत उलटा.
मी, पंधरा वर्षांचा, खिळ्यांच्या कडा घासायचो.
डबा उघडायच्या आधी राखेनं हात धुवायला लावायचा
आणि बोटं वास घेऊन बघायचा.

उत्तरेकडचा टाईप स्वस्त पडे.
त्यातला ल बघून म्हणायचा, 'हे कुणाच्या घरचं प्वार?
आपला ल कसा, दोन्ही गुडघं मांडून
पंगतीला बसल्यागत पायजे.'

बोरूचा तिरका काप शिशात उतरायला हवा,
जाड रेघेनं वळणावर कुठं दम सोडायचा,
हे त्याचं ठरलेलं.
पण कुणी सुबक म्हटलं की चिडे.
'सुबक लग्नाच्या पत्रिकेत. एका दिवसाचं काम.
मला चारशे पानं चालायची हायत.'

टाईप झाला तेव्हा चारशे पानांचा मजकूर जुळवला,
कुठल्याशा संस्थानी दप्तरदाराच्या आठवणी,
आणि प्रुफं नेऊन दिली शुक्रवार पेठेत
पद्मावती उपाध्येबाईंना. निवृत्त मास्तरीण,
चष्मा जाड, बोलणं मोजून.
'चुका काढू नका,' म्हणाला. 'नुसतं वाचा.'
मला समोर सोप्यात बसवलं, वही देऊन.
बाईंनी मान वर केली
की पान लिहायचं, कारण लिहायचं.

पान एकतीस. दूध उतू गेलं.
पान सत्तर. शेजारच्या तालमीत कुणीतरी आपटलं.
पान शहाऐंशी. लाईट गेली, आली.
पान एकशे बारा. कारण नाही.

त्या 'कारण नाही'वर नेमगोंडा रात्रभर बसला, भिंग घेऊन.
पहाटे सापडलं. शब्द होता कल्हई.
अर्धा ल आणि ह, दोन वेगळे खिळे,
शिरोरेषा एकमेकींना भिडत नव्हत्या,
मधे केसाएवढा उजेड.
'हितनं बाई भाईर पडल्या,' म्हणाला.
'एवढ्या फटीतनं म्हस बी जाती.'
मग जरा थांबून, हळूच,
'गावाचं नाव काढ बघू.'
काढलं.
कोल्हापूर मधोमध फुटलेलं.

चार महिने त्या एका जोडाक्षरात गेले.
बायको म्हणाली, घरात दोन पोरी लग्नाच्या,
आणि ह्यो जोडतोय काय, तर ल आणि ह.
शेवटी अखंड कोरला, एकाच खिळ्यावर,
ल नं ह च्या खांद्यावर हात टाकलेला.

दुसऱ्या खेपेला बाई रात्री तीनपर्यंत वाचत होत्या.
माझी वही कोरी, मीच पेंगलेला.
उजाडल्यावर त्यानं विचारलं, अक्षर कसं वाटलं?
'अक्षर?' बाई गोंधळल्या.
'अहो, त्या दप्तरदाराच्या थोरलीचं पुढं काय झालं,
ते छापलंच नाही तुम्ही!'

त्या दिवशी भट्टी पेटली नाही.
मला गंगावेशीत नेलं, धारोष्ण दूध पाजलं,
स्वतः दोन पेले प्याला
आणि मिशीवरचा फेस तसाच घेऊन
पेठभर हिंडला.

टाईप पुढं मोडीत गेला, किलोच्या भावानं.
मातृका तेवढ्या माझ्याकडं आहेत, बिस्किटाच्या डब्यात.

म्हातारपणी एकदा त्याला वाचनालयात नेलं,
त्याच्याच टाईपातलं पुस्तक पुढ्यात ठेवलं.
अर्धा तास पहिलंच पान.
'ह्या व चं पोट बघ. सुटलंय.'
पुढं सरकताच येईना.
एकेक अक्षर भावकीतल्या माणसासारखं
हात धरून थांबवत होतं त्याला.

पुस्तक माझ्याकडं ढकललं. 'तू वाच.'
डोळे मिटून घेतले.
मी वाचत गेलो, पंख्याच्या आवाजावरून आवाज काढत.
एका ओळीला तो हसला.
मी पान उलटायला थांबलो, तर
डोळे न उघडताच म्हणाला,
'मग?'